पायाचा रकाना

दावा फेटाळला म्हणजे नेमकं काय झालं, ते मला निकालाच्या दिवशी कळलं नाही, आणि अठरा दिवसांनी वकीलबाईंनी समोर बसवून समजावलं तेव्हाही धड कळलं नाही. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. टेबलावर कागदांचे ढीग, एका ढिगावर चहाचा कप आणि कपाखाली आमचा निकाल. त्यांनी कप उचलला आणि गोल डाग पडलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथे बघा. साक्षीदाराचं म्हणणं विसंगत आहे, विश्वास ठेवण्याजोगं नाही. साक्षीदार म्हणजे तुम्ही."

"म्हणजे माझ्यामुळे हरलो?"

"तुमच्यामुळे आणि तुमच्या ताईंमुळे. दोघांनी मिळून हरवलंत. विमा कंपनीच्या वकिलाला काही करावंच लागलं नाही हो. चार प्रश्न विचारले आणि बसून राहिला."

मला राग आला. राग मला लवकर येतो, पण गाडीत कधी येत नाही. गाडीबाहेर पडलो की मग सगळा निघतो. मी गाडी शिकवली, एकतीस वर्षं. माझ्या गाडीत ब्रेक दोन होते, एक शिकणाऱ्यापाशी आणि एक माझ्यापाशी, आणि दोन्ही एकाच दांड्याने जोडलेले. मी माझा दाबला की त्याचाही आपोआप खाली जायचा. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झालाय.

आमच्या ड्रायव्हिंग शाळेत दोन पद्धती होत्या. मला ज्या म्हाताऱ्या मास्तरांनी शिकवलं, त्यांनी घालून दिलेल्या. पहिली पद्धत वहीची. प्रत्येक शिकणाऱ्याची एक निळी वही. तारीख, वेळ, रस्ता आणि शेवटचा रकाना 'पाय'. म्हणजे त्या दिवशी मास्तरला किती वेळा आपला ब्रेक दाबावा लागला. आकडा शिकणाऱ्याने लिहायचा, मास्तरने नाही. आपण न दाबता पेडल खाली गेलं हे शिकणाऱ्याला बरोबर कळतं, आणि मास्तर सोयीचं तेवढं विसरतो. पायाच्या रकान्यात ओळीने तीन दिवस शून्य आलं की परीक्षेला बसवायचं.

दुसरी पद्धत बाहेरच्या लोकांसाठी. गाडी कुठे घासली, कुणाला धक्का लागला, की मास्तरने खाली उतरून सांगायचं, "गाडी मी चालवत होतो." शिकणाऱ्याला चारचौघांत बोल लागला तर तो पुन्हा स्टिअरिंगला हात लावत नाही. हे वाक्य मी सायकलवाल्यांना सांगितलंय, पोलिसांना सांगितलंय, एकदा तर बागेतल्या पुतळ्याच्या राखणदारालाही सांगितलंय. ते तोंडातून यायला मला विचार करावा लागत नाही.

माझी ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. घड्याळं दुरुस्त करते. भावोजी गेल्यापासून दुकान एकटी सांभाळते. तीन वर्षांपूर्वी तिला आसपासच्या गावांतल्या शाळांच्या आणि स्टेशनांच्या घड्याळांचं काम मिळालं. भिंतीवरची मोठी घड्याळं काही दुकानात चालत येत नाहीत, आपल्यालाच त्यांच्या दारात जावं लागतं, म्हणून पंचावन्नाव्या वर्षी ती मला म्हणाली, "धाकट्या, मला गाडी शिकव." मी त्रेपन्न वर्षांचा आहे, डोक्यावर केस नाहीत, पण तिच्या तोंडी माझं नाव धाकट्याच.

खोटं कशाला बोलू, तिच्यासारखं कोणी शिकलं नाही. हात स्थिर आणि नजर बारीक. सलग दोन दिवस तिचं शून्य आलं. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात आमची गाडी मधोमध थांबली आणि उजवीकडून आलेली पाववाल्याची व्हॅन ताईच्या बाजूच्या दारावर आदळली. पाववाल्याची चूक नव्हती. उभी गाडी दिसेपर्यंत त्याच्या हातातही काही उरलं नव्हतं. ताईचा उजवा हात दार आणि स्टिअरिंगच्या मध्ये सापडला. गाडी चौकात का थांबली, हाच पुढे सगळा खटला झाला.

हॉस्पिटलात विमा कंपनीचा माणूस फॉर्म घेऊन आला. मी म्हणालो, "गाडी मी चालवत होतो." त्याने लिहून घेतलं, मी सही केली. ताई शुद्धीवर आली तेव्हा तिच्या उशाशी बसून तिलाही तेच सांगितलं. तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, गुंगी असेल.

आता विम्यात काय आहे, तर मास्तरच्या चुकीने शिकणाऱ्याला लागलं तर कंपनी भरपाई देणार, आणि शिकणाऱ्याने स्वतःच्या चुकीने लावून घेतलं तर देणार नाही. माझी सही होती म्हणून ताईने मागणी केली. कंपनीने नाही म्हटलं, म्हणून तिने दावा लावला. हौस म्हणून नाही लावला. पहिल्या ऑपरेशनने हाडं सांधली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं एकमेकांना लागत नाहीत. मध्ये बोटभर अंतर राहतं. दुसरं ऑपरेशन करणारा सर्जन लांबच्या शहरात, आणि त्याने निकालाच्या सुमारास बजावलेलं की तिथून वर्षभरात झालं तर झालं, नंतर स्नायू कायमचे आखडतील. ज्या बाईचं आयुष्य चिमट्याने मोहरीएवढे स्क्रू उचलण्यात गेलं, तिला त्या बोटांशिवाय काय करायचं? ती रोज दुकान उघडते, भिंग डोळ्याला लावते, घड्याळाचं पोट उघडते, बघते आणि बंद करून गिऱ्हाइकाला परत देते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला ते बघवत नाही.

कोर्टात आधी माझी साक्ष झाली. कंपनीचा वकील गोड बोलणारा होता.

"गाडी तुम्ही चालवत होता?"

"हो."

"कुठल्या सीटवर बसून?"

"बाजूच्या."

"स्टिअरिंग कोणाच्या हातात होतं?"

"ताईच्या."

"मग तुम्ही नेमकं काय चालवत होता?"

मागे बसलेले लोक हसले. माझी ततपप झाली. त्याने विचारलं, ब्रेक तुम्ही दाबलात का. मी म्हटलं, आठवत नाही. मग चालवत होतो असं लिहून का दिलंत? मी म्हणालो, "तसं म्हणायची पद्धत आहे आमच्यात." न्यायाधीशांनीसुद्धा चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

नंतर ताई उभी राहिली. कोणी काही विचारायच्या आत म्हणाली, "ब्रेक मीच दाबला. घाबरले आणि दाबला." मी चाट पडलो. ही बाई लहानपणी विहिरीत उतरून माझी चप्पल काढून आणणारी, ही घाबरली? पण खरं सांगतो, मला बरंही वाटलं. शाळेवर आलेलं टळलं, असं मनात येऊन गेलं. ते मनात आलं याची मला आता लाज वाटते.

तर असा आमचा निकाल. आता तीस दिवसांत अपील करायचं होतं, त्यातले अठरा गेले होते.

"अपिलात तेच तेच उगाळून चालणार नाही," वकीलबाई म्हणाल्या. "काहीतरी नवं हवं, तेही ठोस. एक सांगा, अगदी खरं. ब्रेक कोणी दाबला?"

"ताई म्हणते तिने दाबला."

"त्या काय म्हणतात ते निकालात आहे. मी तुम्हाला विचारतेय."

"मला माहीत नाही हो बाई."

"पाय तुमचा आहे ना?"

"आहे. पण तो मला विचारून दाबत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना वाटलं असेल, मी टोलवाटोलवी करतोय. पण एकतीस वर्षं दुसऱ्याच्या शेजारी बसून काढलेल्या माणसालाच हे कळेल. समोर काही आलं की पाय आधी जातो आणि डोक्याला वर्दी नंतर मिळते. न्हाव्याच्या खुर्चीत मी ब्रेक मारतो. बसमध्ये पुढच्या सीटखाली मारतो. आमची ही तर म्हणते, मी झोपेतसुद्धा मारतो आणि तिच्या पोटऱ्या काळ्यानिळ्या होतात.

"काही लेखी असेल तर बघा," बाई म्हणाल्या. "त्या दिवसाची नोंद, काहीही."

वहीचं मला लगेच आठवलं. पण ताईची वही अपघातात गाडीबरोबर गेली होती. साक्षीनंतर कोर्टातून परतताना मी विचारलं होतं तिला, आणि ती म्हणाली होती, गेली.

घरी आलो तर डोकं नुसतं भणभणत होतं. ही भांडी आवरत होती. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "एवढं काय त्यात? करून बघू." स्वयंपाकघरात दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या, एकीवर स्वतः बसली आणि हातात मोठ्या पातेल्याचं झाकण धरलं स्टिअरिंग म्हणून.

"हं, सांग. कुठे आहोत?"

"टाकीच्या चौकाच्या अलीकडे."

"मी कशी चालवतेय?"

"नीट. वेग थोडा वाढवलायस, पलीकडे जायचं म्हणून. पाववाला उजवीकडून..."

"थांब," ती म्हणाली, "पायाकडे बघ तुझ्या."

पाय फरशीवर दाबलेला. टाच वर आणि चवडा खाली. मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा तेच. आम्ही अकरा वेळा चौक ओलांडला आणि अकराही वेळा माझा पाय खाली गेला.

"मग मिळालं की उत्तर," ही झाकण जागेवर ठेवत म्हणाली.

"हे स्वयंपाकघर आहे," मी खेकसलो. "चौक नाही. आणि ताई स्वतः सांगतेय तिने दाबला. ती कशाला खोटं बोलेल? तिचाच हात गेलाय."

"तेच मी विचारतेय. ती कशाला खोटं बोलेल?"

मी दिवा घालवून झोपायला गेलो. दुसऱ्या दिवशी चौकात जाऊन उभा राहिलो. तास दीड तास गाड्या येताना जाताना बघितल्या. डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला, तर मला ताईचा हसरा चेहरा आठवायचा आणि मग थेट काचा. मधलं काही येतच नव्हतं. आठवणीतला तेवढाच तुकडा कोणीतरी कापून नेल्यासारखा. एक ट्रॅफिक पोलीस आला आणि बरं वाटत नाही का म्हणून विचारू लागला. त्याला काय सांगू, कप्पाळ?

तिसऱ्या दिवशी वकीलबाईंच्या कागदांवर सह्या घ्यायला ताईच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहतील एवढी जागा, तीन भिंतींना घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. एक म्हातारे गृहस्थ मनगटी घड्याळ घेऊन आले होते. ताई त्यांना समजावत होती की सध्या काम घेत नाही. मला म्हणाली, "पेन वरच्या खणात आहे, घे." माझं लक्ष त्या गृहस्थांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे. मी खालचा खण ओढला.

आत निळी वही होती. आमच्या शाळेची. वर ताईच्या अक्षरात तिचं नाव.

मी ती उघडली. सुरुवातीची पानं मला पाठ होती. पायाच्या रकान्यात सात, पाच, पाच, दोन, मग एक, मग शून्य, शून्य, सगळे आकडे कोरल्यासारखे, घड्याळाच्या तबकडीवर असतात तसे. त्याखाली आणखी एक ओळ होती. तारीख वाकडी. 'टाकी चौक' ही अक्षरं ओळ सोडून पार खाली घसरलेली. आणि शेवटच्या रकान्यात एक. नुकतंच लिहायला लागलेल्या पोराने काढावा तसा थरथरता, पण स्पष्ट एक.

म्हातारे गृहस्थ गेले. ताईने वही माझ्या हातात बघितली आणि भिंग डोळ्यावरून काढलं.

"गाडीबरोबर गेली म्हणाली होतीस," मी म्हटलं.

"म्हणाले होते."

"हे कधी लिहिलंस?"

"हॉस्पिटलात, दुसऱ्या दिवशी. वही माझ्या पिशवीतच होती. तू चहा आणायला गेला होतास. डाव्या हाताने जमेना, पण लिहिलं. त्या दिवसाचं त्या दिवशी लिहायचं, असा तुझाच नियम. मला एक दिवस उशीर झाला."

"ताई, हा एक..."

"माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता, धाकट्या. ब्रेकवर नव्हताच. बाजूचं पेडल माझ्या बुटाला घासून खाली गेलं. पाववाला लांब होता. गेले असते मी पलीकडे."

दुकानातली घड्याळं टिकटिकत होती, एकाचाही मेळ दुसऱ्याशी नव्हता. मी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसलो.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला काय सांगायचं? तूच मला सांगितलंस." ती शांतपणे बोलत होती. "डोळे उघडले तर तू समोर. म्हणालास, गाडी मी चालवत होतो. मला वाटलं, कबूल करतोय. बरं वाटलं मला, हाताचं दुखणं विसरले तेवढ्यापुरती. मग कोर्टात उभा राहिलास आणि म्हणालास, तसं म्हणायची पद्धत आहे. मी म्हटलं, घाबरला. शाळा जाईल म्हणून घाबरला. मग मी काय करायला हवं होतं? तुला तोंडघशी पाडायचं होतं सगळ्यांदेखत?"

"मला माहीत नव्हतं ताई. शप्पथ. मला अजूनही आठवत नाही."

आता ती चाट पडली. माझ्याकडे बघत राहिली, घड्याळाच्या आत बघते तशी.

"खरंच?"

"खरंच. म्हणजे इतके दिवस तुला वाटतंय की मला माहीत आहे?"

"हो."

"माहीत असून मी इथे येतोय, तुझ्या हाताकडे बघून हळहळतोय, वर म्हणतोय पुढच्या वेळी घाबरू नकोस?"

"हो."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"चहा देत होते ना," ताई म्हणाली.

मी रडलो. त्रेपन्न वर्षांचा बाप्या, भर दुकानात, शटर अर्धं उघडं असताना. ताई उठली आणि तो आखडलेला हात तिने माझ्या डोक्यावर ठेवला. बोटं वळत नव्हती, पण मला कळलं की ती थोपटतेय.

मग आमचं भांडण झालं. मी म्हटलं, अपील कर आणि त्यात माझ्यावर ठपका ठेव. ती म्हणाली, भावाला कोर्टात खेचणार नाही. मी म्हटलं, तू नाही खेचलंस तर मी स्वतः जाऊन पिंजऱ्यात उभा राहतो. ती म्हणाली, शाळा बंद पडेल, परवाना जाईल, खाशील काय? मी म्हटलं, तुझ्याकडे येऊन खाईन, तुझं काय बिघडतं? ती म्हणाली, तुला अक्कल कधी येणार? शेवटी मी वही काखोटीला मारली आणि म्हणालो, "हात बरा झाला तर मुस्काटात उजव्या हाताने दे." यावर ती हसली आणि तिने डाव्या हाताने सह्या केल्या.

वकीलबाईंनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. मग म्हणाल्या, "याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना? तुमची चूक ठरली तर शिकवायचा परवाना रद्द होईल." मी म्हटलं, कळतोय. हे त्या सगळ्या प्रकरणातलं मला पहिल्यांदा नीट कळलेलं वाक्य होतं.

सत्ताविसाव्या दिवशी अपील दाखल झालं. आता ताई अपीलकर्ती, विमा कंपनी प्रतिवादी क्रमांक एक आणि मी प्रतिवादी क्रमांक दोन. सुनावणीच्या दिवशी मी सवयीने ताईशेजारी बसायला गेलो तर शिपायाने उठवलं. तुम्ही तिकडे. तिकडे कंपनीचा गोड बोलणारा वकील. त्याने माझ्यासाठी जागा केली, पाणी विचारलं आणि कानाशी म्हणाला, "काळजी करू नका, आपण एकाच बाजूला आहोत." मी म्हटलं, "मी माझ्या बहिणीच्या बाजूला आहे, फक्त बसलोय इथे." त्याला ते काही समजलं नाही. मलाही पूर्ण समजलं होतं असं नाही.

वही नंतर बनवली, असं त्याचं म्हणणं. हरल्यावर सुचलेला उद्योग. एक आकडा काय, कोणीही कधीही लिहील. न्यायाधीश वयस्कर बाई होत्या. त्यांनी ते शेवटचं पान उजेडात धरून कितीतरी वेळ बघितलं. मग ताईला जवळ बोलावलं, कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "डाव्या हाताने हीच ओळ लिहा."

ताईने लिहिली. तारीख, वेळ, टाकी चौक, एक. मान खाली घालून, जीभ दातांत धरून. पण अपघाताला आता दोन वर्षं होऊन गेली होती, आणि त्या दोन वर्षांत पावत्या, पत्ते, सह्या सगळं त्याच हाताने झालेलं. अक्षर सरळ आलं. तिने मुद्दाम वाकडं काढायचाही प्रयत्न केला, न्यायाधीशांनीच करायला लावला, पण ते वाकडेपण वेगळंच दिसत होतं. वहीतली ओळ अशा डाव्या हाताची होती, ज्याने त्याआधी कधी काही लिहिलं नव्हतं. तो हात आता ताईकडे उरला नव्हता. न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि कंपनीच्या वकिलाला बघायला दिले. त्याने ते दोनदा उलटसुलट करून बघितले आणि परत दिले.

मग त्यांनी मला विचारलं, "अपघाताच्या वेळी वाहन कोणाच्या ताब्यात होतं?"

मी उभा राहिलो. ब्रेक दाबल्याचं मला अजूनही आठवत नव्हतं, आजही आठवत नाही. पण वहीत शिकणारा लिहितो ते खरं, हे मी एकतीस वर्षं प्रत्येकाला सांगत आलो होतो.

"गाडी मी चालवत होतो," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही.

निकाल लागला तेव्हा मी बाहेर येऊन वकीलबाईंना विचारलं, "आपण जिंकलो का?"

"ताई जिंकल्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही हरलात. अभिनंदन."

आता यावर माणसाने हसावं की रडावं? मी दोन्ही थोडं थोडं केलं.

परवाना गेला. अपघातानंतर घेतलेली दोन ब्रेकची गाडी दुसऱ्या शाळेला दिली. पाटी मात्र उतरवून घरी आणली, ती अजून कपाटामागे उभी आहे. ताईचं ऑपरेशन सर्जनने दिलेलं वर्ष सरायच्या आत झालं. नवव्या आठवड्यात तिने फोन केला, हॅलो वगैरे काही नाही, म्हणाली, "स्क्रू उचलला," आणि ठेवून दिला.

पुढे ती दुसऱ्या शाळेत जाऊन शिकली. मला चिडवायला सांगत असे की तो मास्तर फार शांत आहे. परीक्षा पास झाली, एक जुनी लहान गाडी घेतली आणि पहिल्या घड्याळाच्या कामाला निघताना माझ्या दाराशी येऊन हॉर्न वाजवला. शिडी धरायला माणूस हवा, म्हणाली.

मी शेजारी बसलो. माझ्या पायाशी पेडल नव्हतं, साधी चटई होती. कुठला रस्ता घेतेय, ते माझ्या लक्षात येईपर्यंत टाकी दिसायला लागली. ताईने दोन्हीकडे बघितलं. उजवीकडून एक टेम्पो येत होता, लांब होता. तिने वेग थोडा वाढवला.

माझा पाय खाली गेला. पूर्ण जोर लावून, चटई गोळा होईपर्यंत.

गाडी थांबली नाही. चौकाच्या मधोमध गेली आणि सरळ पलीकडे निघाली. टेम्पो आमच्या मागून बऱ्याच वेळाने गेला. मी आरशात बघत राहिलो.

"दाबलास ना?" ताईने रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं.

"हो."

तिने पुढच्या कप्प्याकडे मान हलवली. आत ती निळी वही होती, कोर्टातून परत मिळालेली. शेवटच्या ओळीखाली तिने आजची तारीख आधीच घालून ठेवली होती, उजव्या हाताने, कोरल्यासारखी. पायाचा रकाना रिकामा होता.

"माझा हात अडकलाय," ती म्हणाली. "तू लिही."

आकडा मास्तरने लिहायचा नसतो. पण मी आता मास्तर नव्हतो. मी पेन घेतलं आणि तिचं तिसरं शून्य काढलं.